दगडावरचं झाड तपासायचं कसं, बशीत उगवायचं कसं

विहिरीच्या खोदकामातला काळा पाषाण फुटला की भेगेच्या सपाट अंगावर कधीकधी काळी, नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. शाळेच्या प्रदर्शनात तिच्याखाली हमखास 'वनस्पतीचं जीवाश्म' अशी चिठ्ठी लागते. ती वनस्पती नव्हे. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून साचलेलं ते मँगनीजचं ऑक्साइड आहे. मराठवाड्याचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तापलेल्या लाव्हात पान टिकत नाही. दोन थरांमधल्या गाळात मात्र खरं जीवाश्म सापडू शकतं, म्हणून तपासणी करायचीच.

भिंगातून बघा. पानाला मधली शीर असते आणि कडा ठरलेली असते. या नक्षीला दोन्ही नसतात, आणि ती बहुतेक वेळा भेगेच्या काठापासून आत पसरलेली असते. मग मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक थेंब टाका. मँगनीज असेल तर लगेच फसफसतं. पण दगडफुलानेही फेस येतो, त्यामुळे दगड आधी घासून, पाण्यात दहा मिनिटं उकळून, वाळवून घ्या. नक्षी गारगोटीच्या आत असेल तर थेंब तिच्यापर्यंत पोचत नाही. फेस आला नाही म्हणून मँगनीज नाही असं ठरवू नका.

अशीच फांद्यांची वाढ डोळ्यांसमोर बघायची तर जस्त सोपं. कृषी सेवा केंद्रातून २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट आणा. चिलेटेड झिंक नको, त्यातलं जस्त दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं असतं आणि झाड धरत नाही. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते) ३ ग्रॅम विरघळवून गाळून घ्या. बोअरचं पाणी वापरलं की त्यातल्या क्षारांमुळे पांढरा गढूळपणा येतो.

काचेच्या सपाट बशीत कडेने जी.आय. तारेचं (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी तारेचं) कडं बसवा आणि द्रावण जेमतेम २-३ मिलिमीटर ओता. मधोमध पेन्सिलचं शिसं उभं धरा, टोक द्रावणाला नुसतं टेकेल इतकंच. ९ व्होल्टच्या बॅटरीचं ऋण टोक शिशाला, धन कड्याला. उलटं जोडलं तर मध्ये झाड येत नाही, शिशाला फक्त बुडबुडे सुटतात. घरच्या विजेला हे अजिबात जोडायचं नाही.

काही मिनिटांत करड्या, चमकदार फांद्या फुटतात. बशी हलली की मोडतात, म्हणून टेबलाला धक्का नको. फांदी कड्याला टेकायच्या आत बॅटरी काढा, नाहीतर शॉर्ट होऊन बॅटरी तापते. द्रावण पिवळसर पडलं म्हणजे तारेवरचा जस्ताचा थर संपून आतलं लोखंड विरघळतंय, तार बदला. पेन्सिल सेल तीन जोडून ४.५ व्होल्टवरही करून बघा, फांद्यांची ठेवण बदलते. झाड वाळवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, भुगा होतो. जागेवरच फोटो काढा. ती बशी पुन्हा खाण्यासाठी वापरायची नाही.

फांद्या का फुटतात? जरा पुढे आलेल्या टोकाला द्रावणातलं जस्त आधी मिळतं, ते आणखी पुढे जातं आणि मागच्या खाचा उपाशी राहतात.

चेतापेशी, म्हणजे मेंदूतली पेशी, अशीच झाडासारखी दिसते. तक्त्यावर शेजारी तिचं चित्र लावायचं तर एवढं लक्षात ठेवा: तिच्या शाखा पेशी स्वतः घडवते, आतल्या सांगाड्याच्या आधाराने वाढवते, नको त्या मागेही घेते. जस्ताला यातलं काही जमत नाही. स्फटिक आणि चेतापेशी यांची खरी गाठ पडते ती १८७३ मध्ये. इटलीच्या कामिल्लो गॉल्जींनी सिल्व्हर क्रोमेटचे बारीक स्फटिक पेशींत भरून त्या काळ्या केल्या. हजारोंतल्या मोजक्याच पेशी रंगतात, म्हणून एकेक झाड सुटं दिसतं; सगळ्या रंगल्या असत्या तर भिंगाखाली नुसता काळा डाग दिसला असता.