जुनी पद्मिनी ट्रॅकवर न्यायची तं आधी ब्रेक

राजेहो, वडिलांची प्रीमियर पद्मिनी गोठ्यात उभी असंन अन् ट्रॅकवर पळवायची असंन, तं इंजिनाले लगेच हात लावू नका. १०८९ सीसीचं इंजिन नंतर पाहता येते. या गाडीले चारही चाकांत ड्रम ब्रेक आहेत, दोन-चार लॅप जोरात मारले का ड्रम तापून फुगते, पेडल खाली जाते अन् गाडी थांबतच नाई. म्हणून चारही व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) अन् ब्रेकचे रबरी होस नवे टाका, ड्रम लेथवर गोल करून घ्या, ब्रेकचं तेल म्हणजे फ्लुइड पूर्ण काढून ताजं डॉट ४ दर्जाचं भरा, काहून का जुनं फ्लुइड हवेतलं पाणी ओढते, ते पाणी उकळलं का लायनीत वाफ होते अन् पेडल स्पंजासारखं दबते. जमलं तं पुढच्या चाकांले डिस्क ब्रेक बसवा, माझ्या मते पहिला खर्च हाच.

मंग पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला, इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुनं रबर खराब होते. यवतमाळ-वर्ध्याकडच्या मे महिन्यात टेस्टिंग करान तं रेडिएटर आधी साफ करून घ्या. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला, लय जुने असले तं नकोच.

रोल केज (गाडी उलटली तं वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा), चांगला बेल्ट, हेल्मेट पाहिजेच. गावच्या रोडवर बिलकुल नका पळवू बाप्पा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइंबतूरले करी मोटर स्पीडवे हा ट्रॅक आहे. रेसमध्ये उतराचं असंन तं एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर रेसिंगची संघटना) लायसन काढा. अन् ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच दाबा.