हापूसची छाटणी करताय? पेनापुरती लाकडं आजच बाजूला काढा

पाऊस उघडून ऑक्टोबरचं ऊन तापलं की जुन्या हापूसच्या पुनरुज्जीवनाची छाटणी सुरू होते. तोडलेल्या फांद्या सरसकट फाटीच्या ढिगात जातात. त्यातल्या चार-सहा तुकड्यांची लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, उत्तम पेनं होतात, पण लाकूड टिकणार की तडकणार हे तोडणीच्या दिवशीच ठरतं.

आधी झाडाचं बघा. मोठ्या कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी नको. खोडकिड्याची भोकं किंवा भुसा दिसणारी फांदी कितीही देखणी असली तरी जाळून टाका. आत अळी जिवंत असते, ती भुंगेरा होऊन पुन्हा तुमच्याच बागेत फिरते. अख्खं झाड काढायचं असेल तर आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी आधी घ्या. आणि पेनासाठी म्हणून फळतं झाड तोडू नका, तेवढे पैसे यात नाहीत.

आंब्याच्या सरळ फांदीचं लाकूड फिकं आणि मऊसर, पेनाला तसं साधंच. जिथे दोन फांद्या फुटतात ते बेचकं मात्र सोडू नका, तिथे रेषा वळून सुंदर नक्षी उमटते. पेरू, चिकू आणि बोराचं लाकूड घट्ट आणि बारीक पोताचं, माझ्या मते पेनाला आंब्यापेक्षा सरस. फणस ताजा असताना पिवळाधमक दिसतो, पुढे तपकिरी होतो. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगा. सावंतवाडीची लाकडी फळं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, पण पेनाला हातात वजन लागतं.

गोल फांदी तशीच वाळवली की चिरणारच. लाकूड परिघाच्या दिशेने जास्त आकसतं, आत कमी, मग ताण सालीकडून फुटतो. म्हणून ओली असतानाच मधून उभी चिरा आणि मधला भेंडासारखा ठिपका काढून टाका. दोन्ही टोकांना लगेच वितळलेलं मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडतं. आता पंचवीस मिलिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे पाडा, वाळून कमी होतील. शेवटी वीस मिलिमीटर चौरस आणि १३० मिलिमीटर लांब तुकडा पुरतो. तुकड्यांमध्ये काड्या घालून पडवीत सावलीला रचा. चुलीवरच्या माळ्यावर नको, तिथे बाहेरून सुकतं आणि आत ओलं राहतं. जमिनीला टेकवलं तर वाळवी आहेच.

तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा, दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. बारीक तुकड्यांना साधारण चार ते सहा महिने, म्हणजे पावसाआधी काम उरकतं. पेनाची कांडी ज्यात बसते त्या पितळी नळीसाठी भोक त्यानंतरच पाडा. ओल्या लाकडात नळी चिकटवली तर लाकूड आकसून नळीवरच फुटतं.

आंब्याचा चीक ज्यांच्या अंगावर उठतो त्यांनी लेथवर बसताना मास्क लावावा आणि बाही पूर्ण असावी, पण मनगटाशी घट्ट. सैल बाही फिरत्या तुकड्यात अडकते.