भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी: या चुका टाळा

१/२ + १/३ = २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला की हे उत्तर येतं, आणि पाचवी-सहावीच्या वह्यांत ते हमखास सापडतं. नारळ घेऊन पाहा. सोलकढीला एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, गेला. हुमणाला आणखी एक तृतीयांश लागला. एकूण २/५? हे तर अर्ध्याहूनही कमी! छेद तुकडा केवढा ते सांगतो, तुकडे किती ते नव्हे. म्हणून आधी तुकडे सारखे करायचे: ३/६ + २/६ = ५/६.

पुढची चूक समच्छेद करतानाच, म्हणजे छेद सारखे करतानाच होते. ३/४ + १/६ साठी लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) १२ बरोबर निघतो, पण अंश तसेच ठेवून ३/१२ + १/१२ लिहिलं जातं. छेदाला ज्या संख्येने गुणलं, तिनेच अंशालाही गुणायचं: ९/१२ + २/१२ = ११/१२. शेजारी पेन्सिलीने ‘×३’, ‘×२’ लिहून ठेवलेलं बरं.

मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या गोव्यातल्या मुलांची आणखी एक गफलत होऊ शकते: एलसीएम म्हणजे लसावि आणि एचसीएफ म्हणजे मसावि (दोन्ही छेदांना भाग घालणारी सर्वांत मोठी संख्या), ही जोडी उलटी बसते. मग ५/१२ + ७/१८ साठी छेद ६ घेतला जातो आणि गाडी तिथेच अडते. लसावि मोठ्या छेदाहून लहान असूच शकत नाही. इथे तो ३६: १५/३६ + १४/३६ = २९/३६. १२ × १८ = २१६ घेतलं तरी चूक नाही, पण १७४/२१६ ला संक्षेप देत बसावं लागतं.

खरी फजिती हातच्याच्या वजाबाकीत. ५ पूर्णांक १/४ वजा २ पूर्णांक २/३ घ्या. समच्छेद केल्यावर ५ पूर्णांक ३/१२ वजा २ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत. कुणी उलट आठातून तीन काढतं आणि ३ पूर्णांक ५/१२ लिहितं. कुणी हातचा घेतं, पण सवयीने दहाचा: १३ − ८ करून २ पूर्णांक ५/१२. पाचातून घेतलेला १ इथे १२/१२ आहे. म्हणून ४ पूर्णांक १५/१२ वजा २ पूर्णांक ८/१२, उत्तर २ पूर्णांक ७/१२.

पडताळ्याला आपले सव्वा-अडीच पुरतात. २ पूर्णांक २/३ हे अडीच आणि पावणेतीन यांच्या मधलं. सव्वापाचातून अडीच गेले तर पावणेतीन उरतात, पावणेतीन गेले तर अडीच. उत्तर या दोहोंच्या मध्येच हवं. वरची दोन्ही चुकीची उत्तरं बाहेर पडतात.

गुणाकारातली तिरकी काटाकाट बेरजेत चालत नाही. ३/४ + २/३ मधले दोन्ही ३ कापले तर सव्वादोन येतात. दोन्ही अपूर्णांक एकाहून लहान, मग बेरीज दोनच्या वर कशी? उत्तर १७/१२, म्हणजे १ पूर्णांक ५/१२.

आणि लसावि घेतला म्हणून उत्तर अतिसंक्षिप्तच येईल असं नाही: १/६ + ३/१० = ५/३० + ९/३० = १४/३०, म्हणजे ७/१५.