हॉस्पिसची चौकशी केव्हा आणि कशी करावी

“आता घरी घेऊन जा, करण्यासारखे काही उरलेले नाही,” हे डॉक्टरांचे वाक्य कानावर पडल्यानंतरच बहुतेक कुटुंबे हॉस्पिसची चौकशी सुरू करतात, आणि तोवर रुग्णाने कित्येक आठवडे विनाकारण वेदनेत काढलेले असतात. रोग बरा होणार नसला तरी वेदना, दम लागणे, उलट्या, जखमेची दुर्गंधी यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे असा त्रास कमी करणारी शुश्रूषा, निदानापासून मूळ उपचारांच्या जोडीने घेता येते. हॉस्पिस हा तिचा अखेरच्या काळातील भाग होय. म्हणून ही चौकशी रुग्ण हिंडता-फिरता असतानाच करावी.

ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिसची सुरुवात केली. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. चौकशीला जाताना डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी व स्कॅनचे अहवाल आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. कोणत्या आजारांचे रुग्ण घेतात, सोबत नातेवाईक राहू शकतो का, त्रास आटोक्यात आल्यावर रुग्णाला घरी पाठवतात का आणि घरी येणारे पथक आहे का, हे स्पष्ट विचारावे. हॉस्पिसमध्ये गेलेला रुग्ण परत येत नाही, ही समजूत चुकीची आहे. औषधांचे प्रमाण बसले की अनेक जण घरी परततात.

सर्वाधिक भीती असते ती मॉर्फीन या अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची. मॉर्फीन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला, किंवा रुग्णाला व्यसन लागेल, असे घरातील जाणती माणसेही समजतात. वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात ते घेतल्यास मृत्यू लवकर येत नाही आणि व्यसनाचा धोकाही फार कमी असतो. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. त्यामुळे दुखू लागण्याची वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे द्यावी. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी जाणवू शकते, पण बद्धकोष्ठता मात्र कायम राहते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यावे. रुग्णांना मॉर्फीन मिळणे सोपे व्हावे म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊनही हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही. साठा संपण्याच्या काही दिवस आधीच पुढची व्यवस्था करावी आणि औषध एकाएकी बंद करू नये.

“त्यांना काही सांगू नका,” अशी विनंती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक कुटुंब करते. ती प्रेमापोटी असली तरी रुग्णाला बहुधा अंदाज आलेला असतो, आणि मग दोघेही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसतात. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांनी त्यालाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सज्ञान व्यक्तीला, पुढे स्वतः निर्णय घेता न आल्यास कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवता येते. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. पाणी बळेबळे पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो; ओल्या कापसाने ओठ व तोंड ओले ठेवणे अधिक सुखाचे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. श्वासात खंड पडणे, घशातील घरघर, हातपाय गार पडणे ही त्या अवस्थेची लक्षणे आहेत आणि घरघर ऐकणाऱ्यालाच जास्त असह्य होते. अशा वेळी घाबरून रुग्णवाहिका बोलावली गेली, तर घरी राहण्याची रुग्णाची इच्छा अतिदक्षता विभागात संपते. म्हणून रात्री कोणाला फोन करायचा, आणि घरी मृत्यू झाल्यास त्याच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, कोणते डॉक्टर देतील, हे आधीच ठरवून तो क्रमांक घरातल्या सर्वांना देऊन ठेवावा. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते.