पूल अ‍ॅलोकेटर आणि व्हॅलग्राइंड: या चुका टाळा

पूल अ‍ॅलोकेटर (मोठा तुकडा एकदाच घेऊन त्यातून एकाच मापाचे ब्लॉक वाटणारा कोड) लिहिला, व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) चालवलं आणि एकही एरर आली नाही, तर आधी शंका घ्या. एमएमॅपने (ऑपरेटिंग सिस्टिमकडून थेट मेमरी मागणारा कॉल) घेतलेला १ एमबीचा तुकडा मेमचेकला (व्हॅलग्राइंडमधलं मेमरी तपासणारं टूल) सलग, शून्यांनी भरलेली, बिनधास्त वापरता येणारी मेमरी वाटतो. त्यातला कुठला ६४ बाइटचा ब्लॉक फ्री झालाय, हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी व्हॅलग्राइंडच्या रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये लिहायचे मॅक्रो, असतात. तुकडा हाती येताच वापराला बंद म्हणून तो ‘मेक मेम नोअ‍ॅक्सेस’ करा. ब्लॉक देताना ‘मॅलॉकलाइक ब्लॉक’, परत घेताना ‘फ्रीलाइक ब्लॉक’. हाच तुकडा मॅलॉकने (सी भाषेतलं मेमरी देणारं नेहमीचं फंक्शन) घेतला असेल तर मात्र लीक तपासताना ब्लॉक एकमेकांवर चढल्याची तक्रार येते. तिथे मेमपूलच्या (खास पूलसाठीच्या) रिक्वेस्ट वापरा.

खरा घोळ फ्री-लिस्टमध्ये, म्हणजे मोकळ्या ब्लॉकच्या साखळीत होतो. मोकळ्या ब्लॉकच्या पहिल्या ८ बाइटमध्ये पुढच्या ब्लॉकचा पॉइंटर ठेवलेला असतो. फ्रीलाइक आधी आणि पॉइंटर नंतर लिहिला, की अ‍ॅलोकेटरच्याच ओळीवर ‘इनव्हॅलिड राइट’. क्रम उलटा हवा: आधी पॉइंटर, मग फ्रीलाइक. ब्लॉक पुन्हा काढताना तेवढे ८ बाइट ‘मेक मेम डिफाइन्ड’ करून पॉइंटर वाचा, नंतर मॅलॉकलाइक. सप्रेशन फाइलने (कुठल्या एरर दाखवू नयेत याची यादी) ‘इनव्हॅलिड राइट’ची एरर झाकायचा मोह आवरा. क्रम बरोबर असताना त्या ओळीवर ‘इनव्हॅलिड राइट’ आला, तर कुणीतरी तोच ब्लॉक दोनदा फ्री केलाय. सप्रेशन नेमकं तेच लपवतं.

कॅलॉकसारखं (शून्यांनी भरलेली मेमरी देणारं) फंक्शन असेल तर मेमसेटने आधी शून्यं भरून मॅलॉकलाइक रिक्वेस्टमध्ये ‘इज झीरोड’ ० ठेवू नका. शून्यं भरलेली असूनही ‘अनइनिशियलाइज्ड’च्या एरर रांगेने येतील. रेडझोन (ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची राखीव जागा) १६ लिहिला म्हणून जागा आपोआप सुटत नाही: ६४ च्या ब्लॉकमागे ९६ बाइट तुम्हीच धरायचे.

सगळ्यात शेवटी फ्री झालेला ब्लॉक लगेच पुन्हा वापरायला दिला, तर जुना पॉइंटर पुन्हा वैध दिसतो आणि मेमचेक गप्प बसतो. मेमचेक मॅलॉकचे फ्री झालेले २ कोटी बाइट अडवून ठेवतो, पण ती सोय तुमच्या पूलला नाही. डीबग बिल्डमध्ये ब्लॉक रांगेच्या शेवटी टाका, आणि रांग बऱ्यापैकी लांब झाल्याशिवाय पुढून काढू नका.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (कंपायलरमधलं मेमरीच्या चुका पकडणारं साधन) वापरत असाल (ते आणि व्हॅलग्राइंड एकत्र चालवू नका) तर पॉयझन-अनपॉयझनचा, म्हणजे मेमरी वापराला बंद आणि खुली करण्याचा क्रमही असाच. फक्त त्याची शॅडो मेमरी (कुठली मेमरी वापरता येते याची नोंद) ८ बाइटच्या हिशेबाने चालते. १२ बाइटचे ब्लॉक खेटून ठेवले तर काही सीमा पकडताच येत नाहीत. ब्लॉक १६ बाइटवर न्या. रिपोर्टमध्ये ‘यूज आफ्टर पॉयझन’ आणि शॅडो बाइट एफ७ दिसला, तर खूण तुमच्याच पॉयझनची आहे. स्टॅकवरच्या बफरचा पूल केला असेल तर फंक्शन संपण्याआधी सगळा अनपॉयझन करा, नाहीतर एरर भलत्याच फंक्शनमध्ये फुटते.