खेळांतून आलेले इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ कळतो, पण वापरायचे कसे?

खेळांच्या मैदानावरून इंग्रजीत आलेल्या वाक्प्रचारांची यादी पाठ करणं सोपं आहे. घोळ होतो तो वाक्यात बसवताना. कोण कोणाला म्हणतो, त्यात कौतुक आहे की ठपका, डाव संपलाय की अजून चालू आहे, हे यादीत लिहिलेलं नसतं. ते खेळातल्या एका विशिष्ट क्षणात दडलेलं असतं. म्हणून आधी तो क्षण डोळ्यांसमोर आणा आणि मग अर्थाकडे वळा.

सुरुवात बॉक्सिंगपासून करा, कारण तिथे एकाच लढतीत ओळीने अनेक वाक्प्रचार सापडतात. खेळाडू मागे रेटला जाऊन रिंगच्या दोरांना टेकतो, तेव्हा तो 'ऑन द रोप्स' असतो. पुरता अडचणीत आहे, पण अजून उभा आहे. त्यामुळे बंद पडलेल्या कंपनीला हे लावता येत नाही; बंद पडण्याच्या बेतात असलेल्या कंपनीला लावता येतं. तो खाली पडला आणि पंचांनी दहा आकडे मोजले तरी उठला नाही, तर 'डाउन फॉर द काउंट', म्हणजे पुरता गारद. मोजणी पूर्ण होण्याआधी फेरी संपल्याची घंटा वाजली, तर 'सेव्ह्ड बाय द बेल'. हल्लीच्या बऱ्याच नियमांत घंटा झाली तरी मोजणी थांबत नाही, पण वाक्प्रचार जुन्या पद्धतीवर उभा आहे: ऐनवेळी बाहेरून काहीतरी घडलं आणि सुटका झाली. स्वतःच्या हुशारीने सुटलात तर हा वाक्प्रचार बसत नाही.

'थ्रो इन द टॉवेल'मध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. टॉवेल फेकतो तो खेळाडूच्या कोपऱ्यातला साहाय्यक. आता लढत थांबवा, असं तो जाहीर करत असतो. म्हणजे हा समजून उमजून घेतलेला माघारीचा निर्णय आहे. आपण 'हात टेकले' म्हणतो, ते याच्या जवळ जातं. निविदा दुसऱ्याला मिळाली, तर तुम्ही हरलात, टॉवेल फेकला नाही. निविदा भरायचीच सोडून दिलीत, तर फेकलात. मधला 'इन' गाळू नका; 'थ्रो द टॉवेल' म्हटलं की नुसता टॉवेल फेकला जातो.

आणखी एक जोडी वेगळी ठेवा. 'टेक इट ऑन द चिन' म्हणजे हनुवटीवर ठोसा झेलणं, तक्रार न करता सोसणं. 'रोल विथ द पंचेस' म्हणजे ठोशाच्या दिशेनेच अंग वळवून त्याचा जोर कमी करणं, थोडक्यात परिस्थितीनुसार स्वतःला बदलणं. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगताना दुसरा वाक्प्रचार शोभतो. पहिला बहुधा दुसऱ्याबद्दल आदराने बोलताना बरा वाटतो. 'बिलो द बेल्ट' मात्र निर्धास्त वापरा, मराठीतल्या कमरेखालच्या वाराचाच तो अर्थ आहे.

क्रिकेट आपल्या रोजच्या बोलण्यात मुरलेलं आहे आणि नेमका तिथेच पाय घसरतो. मराठीत 'सिक्सर मारला' म्हणजे जोरदार यश मिळवलं. इंग्रजीत 'नॉक समवन फॉर सिक्स' म्हणजे त्या माणसाला हादरवून टाकणं. इथे तो माणूस फलंदाज नाही, सीमेपार भिरकावला गेलेला चेंडू आहे. 'द न्यूज नॉक्ड हिम फॉर सिक्स' म्हणजे बातमीने तो पार कोलमडला. यशाबद्दल बोलायचं असेल, तर बेसबॉलमधला 'नॉक इट आउट ऑफ द पार्क' घ्या. दोन्हींत चेंडू लांब जातो, पण एकात माणूस चेंडू आहे आणि दुसऱ्यात फलंदाज.

'स्टिकी विकेट' समजायला खेळपट्ट्या उघड्या ठेवल्या जायच्या तो काळ आठवावा लागतो. पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात सुकू लागली की चेंडू कधी उसळे, कधी खाली राहे, आणि फलंदाजाला कसलाच अंदाज येत नसे. म्हणून संकटातला माणूस 'ऑन अ स्टिकी विकेट' असतो. 'ऑन' सोडून दुसरं अव्यय इथे चालत नाही. 'अ गुड इनिंग्ज' हे दीर्घायुष्य भोगून गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात. ते घरच्यांनी म्हणावं, समाचाराला गेलेल्या परक्याने नाही. 'हॅट-ट्रिक'ची कथा १८५८ सालची: एच. एच. स्टीफनसन यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि त्यांना हॅट भेट मिळाली. म्हणून तिसरं यश मिळाल्याशिवाय हा शब्द वापरू नये. दोनदा जिंकलेल्याला फार तर हॅट-ट्रिकची संधी असते.

बेसबॉल पाहिलेला नसेल, तर त्यातले वाक्प्रचार हवेत तरंगतात. त्यासाठी एवढं पुरे: मैदानावर चार ठिकाणी बेस असतात, धावणाऱ्याने ते क्रमाने गाठायचे, आणि फलंदाज पाचकोनी होम प्लेटपाशी उभा राहतो. 'स्टेप अप टू द प्लेट'मधली प्लेट ती, जेवणाची नव्हे. अर्थ, जबाबदारी घेऊन पुढे येणं. 'टच बेस विथ' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं. यात 'द' घालू नये आणि बेस अनेकवचनी करू नये. उलट 'कव्हर ऑल द बेसेस', म्हणजे सगळ्या शक्यतांची तयारी ठेवणं, यात अनेकवचनच हवं. 'टेक अ रेन चेक' पावसाने बंद पडलेल्या सामन्याच्या तिकिटावरून आला. त्या तिकिटावर नंतरचा सामना बघता येई. त्यामुळे 'आज नाही, पुन्हा कधीतरी नक्की' असाच त्याचा अर्थ आहे. जायचंच नसेल, तर सरळ नकार द्या.

दोन ठिकाणी खेळ आणि वाक्प्रचार वेगळ्या वाटेने जातात. गोल्फमध्ये ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत खेळ संपवणं, म्हणजे 'अंडर पार', ही उत्तम कामगिरी. रोजच्या इंग्रजीत मात्र 'बिलो पार' म्हणजे अपेक्षित दर्जाला न उतरलेलं काम किंवा बरं नसलेली तब्येत. सहकाऱ्याच्या अहवालाला कौतुकाने 'बिलो पार' म्हणाल, तर तो दुखावेल. 'पार फॉर द कोर्स'सुद्धा बहुतेक वेळा 'हे असंच व्हायचं' अशा वैतागाने म्हणतात. दुसरं, बुद्धिबळात 'स्टेलमेट' झाला की डाव बरोबरीत सुटतो आणि संपतो. वाटाघाटीतला स्टेलमेट मात्र फुटू शकतो, म्हणून 'ब्रेक द स्टेलमेट' हे शुद्ध इंग्रजी आहे.

डॉलरलाही बोलीत 'बक' म्हणतात, पण पत्त्यांमधला 'पास द बक' डॉलरचा नाही. पोकरमध्ये पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे दाखवणारी वस्तू म्हणजे बक; ती पुढे सरकवली की पाळी टळते. आपली टोलवाटोलवी ती हीच. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावरची 'द बक स्टॉप्स हिअर' ही पाटी त्यामुळे लगेच उलगडते.

आता वहीतली नोंद कशी करायची ते 'मूव्ह द गोलपोस्ट्स' घेऊन पाहा.
क्षण: चेंडू मारल्यावर समोरच्याने गोलचे खांबच हलवले.
सूर: ठपका, अन्यायाची तक्रार.
रूप: खांब दोन, म्हणून अनेकवचन, 'द' हवाच, 'मूव्ह'ऐवजी 'शिफ्ट' चालतं.
वाक्य: 'दे कीप मूव्हिंग द गोलपोस्ट्स.'
यातली सुराची ओळ कधीच टाळू नका. ग्राहकाने मागण्या बदलल्या म्हणून त्यालाच हे वाक्य लिहिलं, तर तुम्ही त्याच्यावर लबाडीचा आरोप केलेला असतो. त्याला लिहिताना 'द रिक्वायरमेंट्स हॅव चेंज्ड' पुरतं. टेनिसमधल्या 'द बॉल इज इन युअर कोर्ट'चंही, म्हणजे 'आता पुढचं पाऊल तुमचं', तसंच आहे. बरोबरीच्या माणसाला ठीक, पण वरिष्ठांना ते निर्वाणीच्या इशाऱ्यासारखं ऐकू येतं.

ऐकणारा कुठला आहे तेही बघा. अमेरिकी माणसाला 'गुगली' कळेलच असं नाही. त्याला बेसबॉलमधला 'कर्व्हबॉल' म्हणा. करारात किंवा अंतिम दरपत्रकात 'बॉलपार्क फिगर' नको, कारण ती ढोबळ रक्कम असते आणि करारात नेमका आकडा लागतो. तसंच एका वाक्यात दोन खेळ आणू नका. 'ऑन द रोप्स' असलेला संघ त्याच दमात 'होम स्ट्रेच'मध्ये, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात आला, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बॉक्सर घोड्यावर बसतो आणि तुमचा मुद्दा बाजूला पडतो.