काथ्या-ताग सिमेंटमध्ये ओला घाला, प्लास्टिकमध्ये सुका: या चुका टाळा

नारळपाणीवाल्याकडची सोडणं उचलायची, कुटून धागे काढायचे आणि थेट घमेल्यात टाकायचे, फुकटचं मटेरियल म्हणून भारी वाटतं, पण मग गिलावा दुसऱ्या दिवशीही नखाने खरवडला जातो आणि शिव्या खातं सिमेंट. दोष बहुतेकदा धाग्यांचाच असतो, त्यातली साखर आणि टॅनिन (तुरट, रंग सोडणारा पदार्थ) सुटून सिमेंटचं सेटिंग लांबवतात. आधी उकळून घ्या. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, ते फेका, आणि पाणी साफ येईपर्यंत परत उकळा.

सुका काथ्या मालातलं पाणी पितो, माल घट्ट होतो, मग मिस्त्री वरून अजून पाणी ओततो आणि ताकद गेली. म्हणून काथ्या भिजवून, निथळून, वरून कोरडा झाला की घाला. दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून थोडे थोडे भुरभुरा, लांब ठेवलात तर गुठळ्याच होणार. ५० किलोच्या गोणीला पाव ते अर्धा किलो खूप झाला. आणि प्लीज, सळीच्या जागी काथ्या नको! तो बारीक भेगा आवरतो, स्लॅब नाही पेलत. खाडीच्या पाण्यात कुजवलेला असेल तर मीठ धुऊन काढा, नाहीतर आतली सळी गंजेल. तागाचं म्हणाल तर सिमेंटचा क्षार त्याला लवकर ठिसूळ करतो, काथ्यात लिग्निन (धाग्याला लाकडासारखा कडकपणा देणारा घटक) जास्त म्हणून तो जास्त तगतो, थोडं सिमेंट कमी करून फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) घातली की क्षारही उतरतो.

बायोप्लास्टिकचं सगळं उलटं. पीएलएमध्ये (वनस्पतींच्या साखरेपासून बनणारं बायोप्लास्टिक) दमट धागा गेला की बुडबुडे येतात, वर प्लास्टिकच्या साखळ्याही तुटतात. आणि मुंबईचा जुलै म्हणजे काय सांगायचं, ओव्हनमधून काढलेला ताग उघडा ठेवला की हवेतलं पाणी परत ओढून घेतो, तेव्हा ८० अंशाला काही तास सुकवून थेट मशीनमध्ये, नाहीतर हवाबंद डब्यात. तापमान २०० अंशांच्या वर नेलंत तर धागा करपतो, वासावरूनच कळतं.

धागा घालून केलेली प्लास्टिकची पट्टी मोडली तर तुटलेली कड बघा. धागे गुळगुळीत उपटून आलेत? म्हणजे पकडच नव्हती. पुढच्या वेळी कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्के द्रावणात भिजवून नीट धुवा, हातमोजे घालून हां.

आणि पीएलए गच्चीवरच्या कुंडीत कुजत नाही, त्याला साधारण ६० अंशाचं मोठं कंपोस्ट लागतं, तेव्हा विकताना गिऱ्हाईकाला हे आधीच सांगून टाका.